पुस्तक सगळ्यांनी वाचले की भाव उतरतो

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मॉनमाउथ पार्कच्या रेसकोर्सवर जातो. तो स्वतःला ‘हँडिकॅपर’ म्हणवतो. आमच्या महालक्ष्मीवर मात्र हँडिकॅपर म्हणजे घोड्यांची वजने ठरवणारा क्लबचा अधिकारी. अँड्र्यू बायर या लेखकाला त्याने गुरू मानले आहे आणि बायरचे आकडे पाहूनच तो पैसे लावतो. तरीही सीझनअखेर तो तोट्यातच असतो. गुरू चुकला की शिष्य? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी शब्दाचा घोळ सोडवू. तुमचाही अर्थ बरोबर आहे आणि भाच्याचाही. क्लबचा हँडिकॅपर चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवून सर्वांना सारखी संधी मिळावी, असे पाहतो. अमेरिकेत ज्याला हँडिकॅपर म्हणतात तो अभ्यासू पंटर, म्हणजे पैज लावणारा, ती संधी नेमकी कुठे सारखी राहिलेली नाही, हे शोधत बसतो.

बायर यांची निवड मुळीच वाईट नाही. 1966 साली हार्वर्डमध्ये त्यांचा चॉसरचा पेपर आणि बेलमाँट स्टेक्स ही शर्यत एकाच दिवशी आली. ते शर्यतीला गेले आणि पदवी राहिली ती राहिलीच. पुढे वृत्तपत्रात शर्यतींवर लिहीत असताना, 1975 च्या ‘पिकिंग विनर्स’ या पुस्तकात त्यांनी वेळेचे गणित सामान्य वाचकाला समजेल अशा रीतीने मांडले. त्यातला विचार असा. एका घोड्याने सहा फर्लांग (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) 1 मिनिट 11 सेकंदांत तोडले आणि दुसऱ्याने आठवड्यानंतर त्याच ट्रॅकवर 1 मिनिट 12 सेकंदांत, तर पहिला वेगवान, असे आपण धरून चालतो. पण दुसऱ्या दिवशीच्या सगळ्याच शर्यती त्या त्या वर्गाच्या नेहमीच्या वेळेपेक्षा सेकंदभर मागे पडल्या असतील, तर ट्रॅकच जड होता आणि दोन्ही घोडे सारख्याच तोलाचे ठरतात. बायर यांनी हा त्या त्या दिवसाचा फरक मोजून, अंतराचाही हिशेब लावून, प्रत्येक धावेला एक आकडा दिला; आकडा जितका मोठा, तितकी धाव वेगवान. सहा फर्लांगांत एका लांबीने, म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढ्या अंतराने, हरणे म्हणजे साधारण अडीच गुण मागे असणे. दीड मैलात त्याच एका लांबीची किंमत जवळजवळ निम्मी भरते.

आता तुमच्या भाच्याच्या तोट्याचे कारण. टोटवर, म्हणजे मैदानावरच्या सामाईक पैजेत, आपण क्लबशी नव्हे, तर शेजारच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाशी खेळत असतो; सगळ्यांचे पैसे एका रकमेत जमतात, त्यातून क्लब आणि सरकार आपला वाटा कापून घेतात (न्यूयॉर्कमध्ये ‘विन’वर, म्हणजे घोडा पहिला येईल या पैजेवर, साधारण 16 टक्के) आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. बायर स्वतःचे आकडे स्वतः काढत होते तोवर ही माहिती मोजक्यांकडे होती. 1991 मध्ये ‘द रेसिंग टाइम्स’ने आणि 1992 पासून ‘डेली रेसिंग फॉर्म’ने ते आकडे छापायला सुरुवात केली, तेव्हापासून सर्वांत मोठा आकडा कोणत्या घोड्याचा, हे मैदानावरच्या प्रत्येकाला दिसू लागले. आकडा खोटा ठरला नाही, पण त्याचा भाव उतरला. तुमचा भाचा जे वाचतो तेच हजारोंनी वाचलेले असते. स्वतः बायर यांनीही 1983 च्या पुस्तकात आकड्यापलीकडे जाऊन, घोडा वळणावर किती बाहेरून पळाला, कुठे कोंडला गेला, हे डोळ्यांनी टिपण्यावर भर दिला होता. माझ्या मते तेच त्यांचे अधिक टिकाऊ शिक्षण आहे आणि शिष्य नेमके तेच सोडून देतात.

बायर यांच्या आधी शर्यतींवर लिहिणाऱ्यांपैकी टॉम एन्स्ली हे नाव टोपण आहे. खरे नाव रिचर्ड कार्टर, आणि पोलिओची लस शोधणाऱ्या जोनास साल्क यांच्यावर पुस्तक लिहिणारे पत्रकारही तेच! 1968 च्या त्यांच्या जाडजूड मार्गदर्शकात अंतर, फॉर्म, वर्ग, वजन, जॉकी हे सगळे क्रमाने तपासून आधी घोडे वगळत जाण्याची शिस्त आहे. गणिताचे प्राध्यापक विल्यम क्विरिन यांनी 1979 मध्ये हजारो शर्यती संगणकावर घालून यातल्या अनेक समजुती पारखल्या. सुरुवातीलाच पुढे पळणाऱ्या घोड्यांना लोक समजतात त्याहून अधिक यश मिळते, हे त्यांनी दाखवले.

मला विचाराल तर भाच्याने सर्वांआधी शर्यतींवर लिहिणारे स्टीव्हन क्रिस्ट वाचावेत. 2001 मध्ये आलेल्या त्यांच्या एका लेखाचा गाभा एवढाच आहे, की ‘कोणता घोडा जिंकेल’ हा प्रश्नच अपुरा असून ‘या भावाला हा घोडा घ्यावा का’ असे विचारले पाहिजे. समजा, एखादा घोडा 100 पैकी 30 वेळा जिंकेल, असा तुमचा अंदाज अगदी अचूक आहे. दर वेळी 2 डॉलर, म्हणजे एकूण 200 डॉलर लावले. भाव दोनास एक (म्हणजे लावलेल्या एका डॉलरवर दोन डॉलर नफा) असेल तर जिंकलेल्या 30 वेळा 6 डॉलरप्रमाणे 180 परत येतात आणि 20 डॉलर गेले. तीनास एक असेल तर 240 येतात. घोडा तोच, अंदाज तोच, तरी एकदा तोटा आणि एकदा नफा. अमेरिकेत फेव्हरिट, म्हणजे सर्वाधिक पैसे लागलेला, घोडा साधारण तीनांतून एकदा जिंकतो, तरी डोळे झाकून फेव्हरिटच घेणाऱ्याचा खिसा रिकामा होतो, तो याच हिशेबाने.

हाँगकाँगमध्ये संगणकाच्या साहाय्याने प्रचंड पैसा कमावलेल्या बिल बेंटर यांनी 1994 च्या आपल्या लेखात याच्याही पुढची गोष्ट सांगितली आहे. त्यांनी बोल्टन आणि चॅपमन या अभ्यासकांच्या 1986 च्या लेखापासून सुरुवात केली होती. परंतु नुसत्या आपल्या गणितावर विसंबून न राहता फळ्यावरचा भाव, म्हणजे गर्दीचे मत, त्या गणितात मिसळले. लाखो डॉलर लावणाऱ्या माणसाने गर्दीलाही गुरू केले, हे मला फार मोठे वाटते.

प्रश्न : मग पुस्तके पुरेशी आहेत, की प्रत्यक्ष शिकवणारा माणूस हवा? – तेच वाचक

उत्तर : माझ्यापुरते सांगतो. पुण्याच्या सीझनमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसत. त्यांनी मला एकच गोष्ट करायला लावली : भाव लागण्याआधी प्रत्येक घोड्यापुढे त्याच्या जिंकण्याची टक्केवारी पेन्सिलीने लिहायची आणि शर्यतीनंतर खोडायची नाही. तीन महिन्यांनी वही उलटून पाहिली, तेव्हा ज्यांना मी निम्मी संधी दिली होती त्या घोड्यांपैकी तीनांतला एकही जेमतेम जिंकला होता. कोणत्याही पुस्तकाने मला ते सांगितले नसते, कारण चूक माझी होती आणि तीही माझ्याच अक्षरात होती. भाच्यासाठी वहीचे रकाने असे : तारीख, शर्यत, घोडा, माझी टक्केवारी, फळ्यावरचा शेवटचा भाव, निकाल, आणि शेवटी एक रुंद रकाना, घोडा कसा पळाला ते लिहायला. बायरचा आकडा लिहायचाच असेल तर तो या रुंद रकान्यात आणि शर्यत संपल्यावर लिहावा.