जाड ऑईल घातल्याने खप थांबेल का?

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी गाडी १,२०,००० किलोमीटर धावली असून हल्ली दर हजार किलोमीटरमागे तिच्यात अर्धा लिटर ऑईल वरून घालावे लागते. सकाळी सुरू करताना आणि बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की निळसर धूर येतो. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० व १०डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑईले चालतील असे म्हटले आहे. मी पहिले वापरतो. मेकॅनिक २०डब्ल्यू-५० घालायला सांगतात. घालावे का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : घालू नका. त्याने खप थोडा घटेलही, परंतु ऑईल ज्या वाटेने जाते ती वाट तशीच राहील; आणि धूर नेमका केव्हा येतो हे आपण नीट पाहिले असल्यामुळे ती वाट ओळखणे सोपे झाले आहे. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी खालच्या गिअरमध्ये सोडली की इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, ओढ फार वाढते, तिच्यामुळे व्हॉल्व्हच्या दांड्यालगतचे ऑईल सिलिंडरमध्ये खेचले जाते आणि पुढे वेग देताच जळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तेच ऑईल हळूहळू झिरपते. त्यामुळे माझा संशय पिस्टनच्या रिंगांपेक्षा व्हॉल्व्ह सीलवर अधिक आहे. हे रबरी सील उष्णतेने कडक होतात आणि बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता बदलता येतात. म्हणून कोणी थेट इंजिन खोलायला सांगितले, तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, तपासण्याचा आग्रह धरा. त्याहीआधी इंजिनाच्या तळातील वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला आहे का ते पाहून घ्या, कारण तो स्वस्तात बदलता येतो.

गोव्यात थंडी नसते, मग जाड ऑईलने काय बिघडणार, असे आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ते डब्ल्यूच्या आधीच्या, म्हणजे थंडीत ऑईल किती सहज वाहते हे सांगणाऱ्या, आकड्यापुरते बरेचसे खरे आहे. नंतरचा आकडा मात्र १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणाचा असतो : ३० क्रमांकाचे ऑईल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणाचे एकक), तर ५० क्रमांकाचे १६.३ ते २१.९. अरुंद फटी आणि ऑईलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह-टायमिंगची यंत्रणा ज्या इंजिनात पहिल्या दाटपणासाठी आखलेली आहे, त्याला दुसरे देणे मला धोक्याचे वाटते. बदल करायचाच असेल, तर पुस्तिकेत दिलेले १०डब्ल्यू-४० वापरून पाहा.

दुरुस्ती लांबणीवर टाकू नका, कारण जळलेल्या ऑईलमुळे धुरातील घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कायमचा खराब होतो. तोवर दर ५०० किलोमीटरनंतर, गाडी सपाट जागी काही मिनिटे बंद ठेवून, डिपस्टिक (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहत जा. तिच्यावरील दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचे अंतर असते, म्हणजे आपल्या गाडीतील ऑईल २,००० किलोमीटरांतच वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येईल.