मेंदूतली पाठराखीण : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न (महाल, नागपूर) : सासऱ्यांना पार्किन्सन आहे. डॉक्टर म्हणाले मेंदूत प्रोटीनचे गोळे होतात. म्हणजे ट्यूमर का?

नाही हो ताई, ट्यूमर नाही, हे पहिले डोक्यातून काढा. ट्यूमरमध्ये पेशी वाढत सुटतात, इथे प्रोटीनच एकमेकाला चिकटून बसतं. अंडं उकडताना पाहा ना, पिवळ्या बलकाभोवतीचा काचेसारखा पातळ भाग काही मिनिटांत पांढरा घट्ट होतो, कारण प्रोटीन म्हणजे ठरावीक आकारात दुमडलेली लांब साखळी, तिची घडी उलगडते आणि आत लपलेले चिकट भाग उघडे पडून एकमेकाला धरतात. मेंदूत नेमकं तसंच नाही होत, तिथे हळूहळू वर्षानुवर्षं बारीक धागे जमतात, पण मूळ दुखणं तेच, घडी बिघडली. पार्किन्सनमध्ये ते प्रोटीन अल्फा-सिन्युक्लिन, अल्झायमरमध्ये अमायलॉइड बीटा आणि टाऊ.

प्रश्न (हिंगणा, बीएस्सीची विद्यार्थिनी) : चॅपेरोन नेमकं करतात काय? पुस्तकात दोनच ओळी आहेत.

तुझ्या आजीला विचार पाठराखीण म्हणजे काय. नव्या नवरीसोबत सासरी जाते, दोन-चार दिवस तिला सांभाळते आणि घरी परत येते, त्या घरची होत नाही. चॅपेरोन ही स्वतः प्रोटीनच, पण तेच काम करतात, दुसऱ्या प्रोटीनला घडी पडेपर्यंत साथ देतात पण शेवटच्या रचनेत राहत नाहीत. एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रोटीन, बऱ्याच चॅपेरोनचं हेच नाव. एचएसपी-४० बिघडलेलं प्रोटीन आणून देतं, एचएसपी-७० त्याचा चिकट भाग पकडून ठेवतं, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून सोडतं, घडी नाही जमली तर पुन्हा पकडतं. अगदीच नाही जमलं तर ते प्रोटीन तोडायला पाठवतात. यांच्यासोबत एचएसपी-११० आलं की टेस्ट ट्यूबमध्ये अल्फा-सिन्युक्लिनचे तयार झालेले धागेसुद्धा सुटतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

एक उदाहरण तर डोळ्यातच आहे. भिंगातलं अल्फा-क्रिस्टलिन हे चॅपेरोनच, आणि भिंगाच्या मधलं प्रोटीन जन्मभर बदलत नाही, म्हणून ही पाठराखीण तिथे सतत पहारा देते, वयानुसार ती संपत आली की प्रोटीनचे गोळे होऊन भिंग धूसर होतं, मोतीबिंदू. मेंदूतल्या मज्जापेशीही बहुतेक नव्या होत नाहीत, म्हातारपणी चॅपेरोन अपुरे पडले की कचरा तिथेच साचतो.

प्रश्न (सक्करदरा) : या चॅपेरोनना हीट शॉक प्रोटीन म्हणतात, मग आपल्या ४५ डिग्रीत ती वाढत असतील ना? आईला थोडं उन्हात बसवू का?

नका बसवू, हात जोडतो! नाव आलं ते रिटोसा नावाच्या इटालियन संशोधकामुळे, १९६२ साली त्यांनी लिहिलं की फळमाशीच्या अळ्यांना गरम ठेवलं की गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसतात, त्यावरून पुढे ही प्रोटीन सापडली. पेशीला ताण आला की ती वाढतात हे खरं, पण म्हाताऱ्या माणसाच्या अंगाचं तापमान ४० च्या वर गेलं तर तो उष्माघात आहे, मेंदूचं नुकसान होतं. मे महिन्यात आईला कूलरसमोरच बसवा, पाणी पाजा.

प्रश्न (मनीषनगर) : चॅपेरोन वाढवणारी पावडर विकून राहिले, घेऊ का? आणि बाबांचं वरण, डाळ बंद करू का?

पावडर नको, पैसे वाचवा. अल्झायमर-पार्किन्सनसाठी चॅपेरोन वाढवणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. अरिमोक्लोमॉल हे चॅपेरोन वाढवणारं औषध एएलएसमध्ये (मज्जापेशी मरून स्नायू निकामी होण्याचा आजार) अपयशी ठरलं, २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती निमन-पिक सी या दुर्मीळ आजारासाठी. आणि कॅन्सरच्या पेशीही याच चॅपेरोनवर तगतात, त्यामुळे सरसकट वाढवणं धोक्याचं होऊ शकतं.

डाळ मात्र बंद करू नका, खाल्लेलं प्रोटीन पोटात सुटं होतं, त्याचा मेंदूतल्या गोळ्यांशी संबंध नाही. फक्त बाबा पार्किन्सनची लेव्होडोपा गोळी घेत असतील तर डाळ-पनीरच्या जेवणासोबत ती गोळी कमी लागू पडते, म्हणून साधारण अर्धा तास आधी देतात. नेमकी वेळ त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टला विचारून फ्रिजवर लिहून चिकटवा.