समुपदेशक निवडताना काय विचारावं?

समुपदेशन किंवा मानसोपचार घेताना आपली जात, लैंगिकता, घरची रीत समोरच्याला कळत नाही, अशा तक्रारीची पत्रं आमच्याकडे बरीच येतात. त्यांतली चार इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे, समलिंगी आहे. घर सातारा जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. घरी यातलं काही माहीत नाही. स्थळं येऊ लागली तशी झोप उडाली, म्हणून एका समुपदेशकांकडे गेलो. दुसऱ्याच भेटीत ते म्हणाले, ‘लग्न झालं की हे सुटतं.’ चौथ्या भेटीत ‘विचार बदलण्याची’ वही लिहायला दिली. मी जाणं बंद केलं. झोप अजून नाही आणि पुन्हा कुणाकडे जायची हिंमतही नाही. योग्य माणूस ओळखायचा कसा?
*एक वाचक, पुणे*

उत्तर : जाणं बंद केलंत ते योग्यच केलंत. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नसल्याचं जाहीर केलं. त्यामुळे तुमच्यात ‘बदलायचं’ असं काही नव्हतंच. झोप उडाली ती स्थळांच्या दबावाने आणि सतत लपवण्याच्या ताणाने. त्या वहीने या दोन्हींना हात लावला नाही, वर लाजेची भर घातली. अशा ‘बदला’च्या प्रयत्नांनी नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २५ ऑगस्ट २०२२ रोजी राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे की असा उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे.

पण हे डॉक्टरांपुरतं, म्हणून पाटीवर काय लिहिलंय ते नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात आणि त्यांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि त्यांना सीआरआर क्रमांक (परिषदेच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक) मिळतो. तो मागायला संकोच करू नका. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र मानसशास्त्रातली एम.ए. असू शकते, तशीच आठवड्याभराची कार्यशाळाही असू शकते. म्हणून पदवी, ती कुठून घेतली, आणि ते स्वतःच्या कामाबद्दल कुणा ज्येष्ठाशी नियमित चर्चा करतात का, एवढं विचाराच. तक्रार करायची वेळ आली तर डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आणि नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाविरुद्ध पुनर्वास परिषदेकडे करता येते. नोंदणीच नसेल तर दाद मागायला जागा फार थोड्या उरतात.

शोध कुठून सुरू करायचा? पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून याच विषयावर काम करत आहेत. त्यांच्याकडे कुणाची नावं मिळतील ते विचारा. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेचा क्विअर (समलिंगी, ट्रान्स अशा) व्यक्तींसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांसाठी खास अभ्यासक्रम आहे. तो केलेले समुपदेशक निवडणं ही चांगली सुरुवात आहे. खरी परीक्षा मात्र फोनवरच होते.

बरेच समुपदेशक पहिल्या भेटीआधी दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलतात, अनेकजण त्याचे पैसे घेत नाहीत. नाव न सांगताही बोलता येतं. सरळ विचारा : ‘तुम्ही समलिंगी व्यक्तींसोबत याआधी काम केलंय का? लैंगिकता बदलता येते असं तुम्हाला वाटतं का?’ दुसऱ्या प्रश्नावर स्वच्छ ‘नाही’ आलं पाहिजे. ‘बघू, प्रत्येकाची केस वेगळी असते’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. ‘मी सगळ्यांना सारखंच वागवतो’ हे उत्तर आम्ही फार वेळा ऐकतो. ते मनापासून दिलेलं असतं, पण पुरेसं नसतं. सगळ्यांना सारखं धरणारा माणूस बहुधा समोरचा विषमलिंगी आहे असंच धरून चालतो, आणि मग ‘मुलगी पाहिलीत का?’ हा प्रश्न त्याच्या तोंडून आपसूक निघतो.

एक प्रश्न मात्र विसरू नका : ‘घरी सांगून टाका असा आग्रह तुम्ही धराल का?’ याची दुसरी टोकाची चूकही आम्ही पाहिली आहे. उत्साही समुपदेशक ‘मोकळं व्हा, घरी सांगा’ म्हणतात, पण बहिणीचं लग्न ठरायचं आहे, जमीन वडिलांच्या नावावर आहे, भावकी एकाच वाड्यात राहते, हे विचारतच नाहीत. चांगला समुपदेशक आधी हे विचारेल : घरातून बाहेर पडावं लागलं तर राहाल कुठे, तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी आहे का, घरात तुमच्या बाजूने उभं राहील असं कोण आहे? सांगायचं की नाही, कुणाला आणि कधी, हे तुम्हीच ठरवायचं. तोपर्यंत स्थळं लांबवायची कशी, घरच्यांशी कोणत्या शब्दांत बोलायचं, याचा सराव भेटीत करता येतो. तुमच्या झोपेचा इलाज बराचसा तिथेच आहे.

गोपनीयतेचं सांगायचं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ प्रमाणे तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय इतरांना देता येत नाही. जिवाला धोका असेल तेव्हासारखे मोजके अपवाद आहेत. ते कोणते, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. माहिती फुटते ती बहुधा साध्या गोष्टींतून : पावतीवरचा मजकूर, घरच्या पत्त्यावर आलेलं बिल, फोनच्या लॉक स्क्रीनवर झळकणारा व्हॉट्सॲप मेसेज. हे सुरुवातीलाच बोलून ठेवा. पुण्या-मुंबईत खासगी भेटीचे साधारण ८०० ते ३००० रुपये पडतात आणि भेट ५० मिनिटांच्या आसपास असते. सवलतीच्या दराच्या जागा अनेकांकडे असतात, पण मागितल्याशिवाय कळत नाहीत. तीन-चार भेटींनंतर स्वतःला विचारा, बाहेर पडताना हलकं वाटतं का? रडू आलं तरी चालेल. लाज वाढत असेल तर माणूस बदला. झोप आठवडेच्या आठवडे नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आजच, कुठल्याही वेळी, १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी बौद्ध कुटुंबातली, मुंबईत पदव्युत्तर शिकते. वसतिगृहात प्रवेश परीक्षेतला क्रमांक आणि आडनाव मुद्दाम विचारलं जातं. मेसमध्ये मी बसले की दोघी-तिघी उठतात. संस्थेच्या समुपदेशक म्हणाल्या, ‘आता शहरात जात कुठे राहिलीय? तू लोकांच्या मनातलं ओळखल्यासारखं करतेस, हा विचारातला दोष आहे.’ मीच चुकतेय का?
*एक वाचक, मुंबई*

उत्तर : नाही, तुम्ही चुकत नाही आहात.

तुमच्या समुपदेशकांचे शब्द सीबीटी या उपचारपद्धतीतले वाटतात. तिच्यात मनात आलेला विचार पुराव्याशी ताडून पाहतात. पद्धत चांगली आहे, पण त्यासाठी आधी पुरावा ऐकून घ्यावा लागतो. क्रमांक विचारणं, टेबलावरून उठणं या घडलेल्या गोष्टी आहेत, त्या तुमच्या मनातल्या शंका नाहीत. त्यांना ‘विचारातला दोष’ म्हटलं की माणूस स्वतःच्या डोळ्यांवरच शंका घेऊ लागतो, आणि ती इजा मूळ अपमानाइतकीच खोल जाते.

तुमची तयारी असेल तर या समुपदेशकांना एक संधी द्या : ‘हे खरंच घडलं असं धरून आपण पुढे बोलू शकतो का?’ त्या थांबून ऐकतील तर काम पुढे जाईल. त्यांनी पुन्हा वाद घातला तर दुसरं कुणी शोधा. शोधताना विचारा, ‘जातीमुळे येणाऱ्या ताणावर तुम्ही कसं काम करता?’ आणि उत्तरात ‘जात’ हा शब्द येतो का ते ऐका. जे त्याऐवजी ‘पार्श्वभूमी’, ‘समाजातले प्रकार’ असं म्हणत राहतात, त्यांच्यासमोर पुढे तुम्हालाही तो शब्द गिळावा लागेल. द ब्लू डॉन हा गट बहुजन व्यक्तींना त्यांचं जगणं समजून घेणाऱ्या समुपदेशकांशी जोडून देण्याचं काम करतो. आपल्याच समाजातला समुपदेशक मिळाला तर निम्मं समजावून सांगणं वाचतं हे खरं. पण त्या एका गोष्टीवर निवड करू नका, त्यांचं शिक्षण आणि कामाची रीत तितकीच तपासा. वर सांगितलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देतं, आणि त्यात लैंगिकतेचाही स्पष्ट उल्लेख आहे.

संस्थेचा समुपदेशक संस्थेचाच पगारी असतो. तुमच्या नोंदी विभागप्रमुखांना किंवा वॉर्डनना दिसतात का, हे लेखी विचारा. आणि समुपदेशन हे तक्रारीला पर्याय नाही. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि संस्थेच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे द्या. मेसमध्ये जे चाललंय ते थांबवणं संस्थेचं काम आहे, तुम्ही ‘कणखर’ होण्याची वाट पाहणं नाही.

प्रश्न : आम्ही परभणी जिल्ह्यात राहतो. १९ वर्षांची मुलगी ‘मी मुलगा आहे’ म्हणते. नातेवाईक एका महाराजांचं नाव सुचवतात. जवळचे डॉक्टर दिरांच्या ओळखीचे. कुठे जावं?
*एक आई*

उत्तर : ताई, तुमच्या घरी ही गोष्ट आईला सांगता आली, यातच खूप काही आहे. तो स्वतःला मुलगा म्हणतो, तर इथे आम्हीही ‘तो’च म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, हे मानसिक आजारांत धरलेलं नाही.

महाराजांकडे नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत. दिरांच्या ओळखीचे डॉक्टर कितीही सज्जन असले तरी तेही टाळा, कारण लहान गावात बातमी दवाखान्याच्या बाकावरूनच फुटते. शेजारच्या जिल्ह्यातलं जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग गाठा. १४४१६ वर फोन करून आधी विचारता येईल. ऑनलाइन भेटी हा बहुधा सगळ्यात सोपा मार्ग. त्यासाठी इअरफोन घ्या, घर रिकामं असण्याची ठरावीक वेळ निवडा, आणि नेट तुटलं तर साध्या फोनवर बोलायचं हे आधीच ठरवा. अशा भेटी बिघडतात त्या बहुतेक वेळा दाराशी कुणीतरी ऐकत असल्यामुळे.

तो सज्ञान आहे, त्यामुळे समुपदेशक त्याच्याशी झालेलं बोलणं तुम्हाला सांगणार नाहीत. याचं वाईट वाटू देऊ नका. तुमच्यासाठी वेगळा समुपदेशक घ्या, दोघांचा एकच नको. मुंबईत स्वीकार हा एलजीबीटी मुलांच्या पालकांचा गट आहे, तिथे बोललात तर धीर येईल. एकच कळकळीची सूचना : मित्रांच्या सांगण्यावरून दुकानातून हार्मोनची औषधं तो स्वतः आणणार नाही याकडे लक्ष ठेवा. रक्ततपासणी आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेणं धोक्याचं आहे.

प्रश्न : न्यू जर्सीत राहते. सासूबाई सहा महिने येणार म्हटलं की इथली थेरपिस्ट ‘नाही म्हणा’ एवढंच सांगते. पुण्यातल्या थेरपिस्टशी व्हिडिओवर बोलू का?
*एक वाचक, अमेरिका*

उत्तर : अमेरिकेत परवाना राज्याचा असतो आणि तुम्ही ज्या राज्यात बसून बोलता तिथला लागतो. पुण्यातल्या थेरपिस्टकडे तो बहुधा नसेल, म्हणजे काही चुकलं तर तक्रार करायला जागा नाही आणि विमाही लागू होणार नाही. न्यू जर्सीचा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. नावापुढे एलसीएसडब्ल्यू, एलपीसी किंवा एलएमएफटी (ही तिथल्या परवान्यांची लघुरूपं) असेल किंवा परवानाधारक सायकॉलॉजिस्ट असतील ते पाहा. दक्षिण आशियाई थेरपिस्टांच्या वेगळ्या याद्या ऑनलाइन आहेत. मराठी क्वचित सापडेल, हिंदी आणि गुजराती शोधून बघा.

त्याआधी आताच्या थेरपिस्टला पुढच्या भेटीची पहिली दहा मिनिटं घरचा नकाशा काढून दाखवा : कोण कुणावर अवलंबून आहे, पैसे कोण पाठवतं, ‘नाही’ म्हटलं तर नवऱ्याला आणि नणंदेला काय ऐकावं लागेल, आणि तुम्हाला स्वतःला काय हवंय. कदाचित तुम्हाला सासूबाई यायला हव्या असतील, फक्त स्वयंपाकघर तुमचं राहायला हवं असेल. दोन भेटींनंतरही उत्तर तेच आलं तर तिच्याकडेच दुसऱ्या तीन थेरपिस्टांची नावं मागा. अशी नावं देणं तिकडे रीतीचंच आहे, त्यात तिचा अपमान होत नाही.