किती शिट्ट्या?

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही कोलोरॅडोत, डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरात राहतो. मुलगा यंदा कॉलेजला गेला. आम्ही घरात मांस खात नाही आणि इथे दुकानात मिळणाऱ्या टोमॅटो सॉसमधल्या बीन्सच्या पुष्कळ डब्यांत डुकराच्या मांसाचा तुकडा असतो. म्हणून त्याच्यासाठी घरीच बरण्या भरून ठेवायचा विचार आहे. परसातले टोमॅटोही भरपूर निघालेत. भारतातून आणलेल्या माझ्या पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन छोट्या बरण्या उभ्या राहतात. किती शिट्ट्या काढू? गोडा मसाला घालून फोडणी दिली तर चालेल का?

उत्तर : अगं, माझ्या मुलीने विचारलं असतं तर तिला जे सांगितलं असतं तेच तुला सांगते. त्या कुकरमध्ये बरणी ठेवू नकोस. एकसुद्धा नाही.

शिट्टी हे शिजवण्याचं माप आहे. डाळीचा दाणा दोन बोटांत मोडला की आपलं काम झालं. बरणीत बंद करून वर्षभर फडताळात ठेवायच्या पदार्थाचं तसं नसतं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू आत जिवंत राहिले, तर हवा नसलेल्या बरणीत ते वाढतात आणि विष तयार करतात. ते वासावरून कळेलच असं नाही, चवीवरूनही नाही. माणसाला एकाचे दोन दिसायला लागतात, पापण्या उतरतात, घास गिळता येत नाही, पुढे श्वास अडतो. हे बीजाणू मारायला 116 अंश सेल्सियसची उष्णता लागते आणि ती दाबाखालच्या वाफेतच मिळते. उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. तुझ्याकडे तर समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर ते 95 अंशांनाच उकळतं.

टोमॅटो आंबट आहे, पण त्यावर विसंबता येत नाही. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या खाली असेल तरच उकळत्या पाण्यावर भागतं. बीन्स घातल्या की मिश्रण त्या रेषेच्या वर जातं.

तुझ्या कुकरचा दाब कमी पडतो असंही नाही, त्याच्या शिट्टीचं वजन साधारण 15 पौंडांच्या दाबाचंच असतं. पण लहान भांडं पटकन तापतं आणि पटकन निवतं, शिवाय प्रत्येक शिट्टीला दाब खाली येतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने दिलेल्या वेळा मोठ्या कॅनरसाठी, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायच्या खास भांड्यासाठी आहेत, त्याच्या सावकाश तापण्या-निवण्यासकट. किमान चार क्वार्ट बरण्या (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) उभ्या मावतील एवढं भांडं हवं, असा त्यांचा नियम आहे. तेव्हा प्रेशर कॅनर घे किंवा मैत्रिणीकडून मागून आण.

आता कृती. नऊ पाइंट (साधारण अर्ध्या लिटरच्या) बरण्यांना सव्वातीन पौंड, म्हणजे दीड किलोला जरा कमी, कोरड्या बीन्स लागतात. मी नेव्ही बीन्स, म्हणजे लहान पांढऱ्या बीन्स घेते. एक कप बीन्सला तीन कप पाणी घालून दोन मिनिटं उकळायचं, गॅस बंद करून तासभर झाकून ठेवायचं, ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात पुन्हा उकळी आणायची. सॉससाठी एक क्वार्ट टोमॅटोच्या रसाला तीन मोठे चमचे साखर, दोन छोटे चमचे मीठ, एक मोठा चमचा चिरलेला कांदा आणि लवंग, ऑलस्पाइस, जायपत्री, लाल तिखट यांची प्रत्येकी पाव छोटा चमचा पूड. मूळ कृतीत मांसाचा तुकडा ऐच्छिकच आहे. तो गाळला तरी वेळ बदलत नाही.

बरणी गरम बीन्सनी पाऊणच भरायची. पहिल्या वेळी मी हावरेपणाने गळ्यापर्यंत भरल्या होत्या. बीन्स फुगल्या, सॉस झाकणाखालून बाहेर आला आणि वरचा थर कोरडा, तपकिरी पडला. पाऊण बीन्स, त्यावर उकळता सॉस आणि वर एक इंच मोकळी जागा. काठ ओल्या फडक्याने पुसून झाकण लावायचं, रिंग बोटांच्या जोरानेच आवळायची. कॅनरमधून दहा मिनिटं सलग वाफ जाऊ दे, मगच वजन ठेव. पाइंट बरण्यांना 65 मिनिटं, क्वार्टना 75. तुझ्या उंचीवर काट्याच्या (तबकडीवर दाब दाखवणाऱ्या) कॅनरला 13 पौंड दाब, वजनाच्या (वर ठेवलेल्या वजनाने दाब राखणाऱ्या) कॅनरला 15. दाब मध्येच खाली आला तर पुन्हा पहिल्या मिनिटापासून मोजायचं. आणि नंतर कॅनर नळाखाली धरायचा नाही, आपला आपण निवू द्यायचा.

काटा असेल तर दर वर्षी तपासून घे. काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे विद्यापीठाच्या स्थानिक सल्ला केंद्रात विचार. माझा काटा एका वर्षी तीन पौंड जास्त दाखवत होता, म्हणजे मी 13 समजून 10 वर चालवत होते. त्या हंगामातल्या नऊच्या नऊ बरण्या फेकल्या. झाकणं घट्ट बसलेली होती, आतला सॉस लालबुंद होता. रडू आलं, पण फेकल्या.

गोडा मसाला बरणीत नको. त्यात खोबरं आणि तीळ असतात. अशी स्निग्ध वस्तू, तेल-तुपाची फोडणी, जास्तीचा कांदा-लसूण किंवा दाटपणासाठी पीठ घातलं की उष्णता आत पोचण्याचा हिशेब बदलतो. लाल तिखट मात्र कमी-जास्त कर. मुलाला वेगळ्या डबीत गोडा मसाला दे आणि बरणी उघडल्यावर मोहरी-हिंगाची फोडणी कशी करायची ते फोनवर सांग. पाच मिनिटांचं काम आहे, येईल त्याला.

प्रश्न : पुण्यात प्रेशर कॅनर कुठे शोधायचा? बरण्या पातेल्यात तीन तास उकळल्या तर? 

उत्तर : तीन तास उकळा नाहीतर सहा, पुण्यात पाणी 98 अंशांच्या आसपासच राहणार. कॅनर शोधत बसू नका. बीन्स सॉसमध्ये शिजवा, निववा, एका जेवणापुरत्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना सॉस फुगतो. फ्रीझरच्या बीन्समध्ये गोडा मसाला, खोबरं, फोडणी, सगळं आधीच घालता येतं.