वाचकांचे प्रश्न : पंखा हवा ओढतो की ढकलतो?

प्रश्न : देवगडजवळ आमचा आंबापोळीचा घरगुती उद्योग आहे. पॅकिंगच्या खोलीत एक्झॉस्ट पंखा सतत चालू असूनही धूळ येते आणि पावसाळा लागला की मालाला बुरशी धरते. काय करावे?

उत्तर : आपला पंखाच धूळ आत आणतो आहे. त्याच्यामुळे खोलीतला हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी होतो. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी दाराखालच्या फटीतून आणि कौलांच्या सांध्यांतून, बुरशीच्या बीजाणूंसकट, गाळल्याविना आत शिरते. क्षयरोग्यांच्या विलगीकरण कक्षात असा कमी दाब मुद्दाम राखतात, कारण तिथे आतली हवा बाहेर पसरू द्यायची नसते. आपली गरज नेमकी उलटी आहे. फिल्टर लावलेल्या ब्लोअरने हवा आत ढकलावी आणि निघणारी हवा त्याहून थोडी कमी ठेवावी, म्हणजे फटींतून वारा बाहेरच वाहील. औषधनिर्मितीच्या स्वच्छ खोल्यांत शेजारच्या खोलीपेक्षा साधारण 10 ते 15 पास्कल (दाबाचे एकक) जास्त दाब ठेवतात; पाण्याच्या स्तंभात मोजला तर तो जेमतेम एक-दीड मिलिमीटर भरतो. मात्र कौलारू छपराखाली पक्के सीलिंग (आतले छत) केल्याशिवाय एवढाही दाब टिकणार नाही, आणि खरा खर्च तिथेच आहे.

ब्लोअर लावल्यावर दार बंद करून फटीशी पेटती उदबत्ती धरावी. धूर बाहेर ओढला गेला पाहिजे. फिल्टर बाष्प अडवत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत डिह्युमिडिफायर (हवेतले बाष्प काढणारे यंत्र) लागेलच.