बाप्तिस्मा घेतला, दिला की झाला?

भाषांतराचे काम करणाऱ्या एका वाचक ताईंनी पुढील शंका विचारली आहे. एका इंग्रजी लेखाचे मराठी करताना त्यांनी ‘ख्रिस्ती धर्मानुसार बाप्तिस्मा घेतल्याने तारण होते’ असे वाक्य लिहिले. (बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा पाण्याचा विधी, तारण म्हणजे पापापासून सुटका.) ते वाचून वसईच्या एका कॅथलिक सहकाऱ्याने ‘बाप्तिस्मा’ खोडून ‘स्नानसंस्कार’ असे केले, तर अहमदनगरच्या दुसऱ्या सहकाऱ्याने शब्द तसाच ठेवला, पण सबंध वाक्याभोवती लाल वर्तुळ काढले. यांपैकी कोणाचे बरोबर, आणि ‘बाप्तिस्मा’ या परक्या शब्दाला चांगला मराठी प्रतिशब्द का नाही, असे त्या विचारतात.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. ‘बाप्तिस्मा’ हा शब्द ग्रीक ‘बाप्टिझ्मा’चा मराठी अवतार होय. ग्रीकमध्ये तो नपुंसकलिंगी आहे. मराठीत आल्यावर आकारान्त असल्यामुळे तो ‘घोडा’, ‘वाडा’ यांच्या पंगतीत बसून पुल्लिंगी झाला आणि ‘बाप्तिस्म्याच्या वेळी’, ‘बाप्तिस्म्याविषयी’ अशी सामान्यरूपेही निमूटपणे घेऊ लागला. त्यामागचे क्रियापद ‘बाप्टो’ म्हणजे बुडवणे, कापड रंगात बुडवून रंगवणे. त्यावरून ‘बाप्टिझो’ म्हणजे बुडवणे, पाण्याखाली घालणे, आणि पुढे धुणे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात नामान नावाचा कुष्ठरोगी सेनापती यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो, तिथे हेच क्रियापद आहे.

आता गंमत अशी की, जिथे संस्काराचा संबंध नाही तिथे मराठी भाषांतरकारांना हा शब्द मुळीच अडलेला नाही. नव्या करारातील मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी लोक, पेले, घागरी धुतात; तिथे ग्रीकमध्ये ‘बाप्टिझ्मा’चेच भावंड आहे, पण मराठीत साधे ‘धुणे’ येते, आणि घागरींचा बाप्तिस्मा करण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. म्हणजे शब्द भाषांतराला कठीण होता, असे नाही. विधीच्या ठिकाणी मात्र तो जाणूनबुजून न भाषांतरता ठेवला गेला.

का ठेवला गेला, याचे उत्तर बंगालमध्ये मिळते. सेरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी आणि त्यांचे सहकारी बॅप्टिस्ट होते, म्हणजे समजत्या वयाच्या विश्वासणाऱ्यालाच आणि तोही पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा द्यावा, या मताचे होते. त्यांच्या परंपरेतील बंगाली नव्या करारात या शब्दासाठी सरळ ‘बुडवणे’ या अर्थाचा शब्द योजला होता. १८३०च्या दशकात ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने अशा भाषांतराला पैसे देण्याचे नाकारले, कारण डोक्यावर पाणी ओतून किंवा शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांना ते मान्य होण्याजोगे नव्हते. १८३६ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीनेही हाच पवित्रा घेतला. परिणामी अमेरिकेत बॅप्टिस्टांनी आपली वेगळी संस्था काढली आणि १८४० मध्ये इंग्लंडमध्ये बायबल ट्रान्सलेशन सोसायटी उभी राहिली. एका क्रियापदाच्या भाषांतरावरून दोन खंडांत संस्था फुटल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी डोळ्यांसमोर नाही.

मुंबईचा या गोष्टीशी संबंध अगदी जवळचा आहे. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने जी पहिली तुकडी हिंदुस्थानात पाठवली, तीत अ‍ॅडोनायरम जडसन, ल्यूथर राइस, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि सॅम्युएल न्यूएल होते. सगळे बालबाप्तिस्मा मानणारे. परंतु जडसनने प्रवासात हाच शब्द ग्रीकमध्ये तपासायला घेतला, त्याचे मत फिरले आणि ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात त्याने बुडवून बाप्तिस्मा घेतला. राइसही त्याच्या मागोमाग गेला. जडसन ब्रह्मदेशात गेला आणि तिथल्या भाषेत त्याने बुडवण्याचाच शब्द वापरला. मत न बदललेले हॉल, नॉट आणि न्यूएल मुंबईला आले, आणि मराठीतील मिशनऱ्यांच्या भाषांतराची एक मोठी परंपरा तिथून चालू झाली. ‘बुडवणे’ मराठीत रुजले नाही याचे नवल वाटायला नको.

तेव्हा ‘बाप्तिस्मा’ हा शब्द परका आहे हा त्याचा दोष नसून, तोच त्याचा उपयोग आहे: तो कोणाचीच बाजू घेत नाही. इतर भाषांकडे पाहिले की हे अधिक जाणवते. तमिळमध्ये ‘ज्ञानस्नान’ आहे, कन्नडमध्ये ‘दीक्षास्नान’, मलयाळममध्ये सिरियाक भाषेतून आलेला ‘मामोदीसा’. ‘ज्ञानस्नान’ म्हणताच तान्ह्या बाळाला कसले ज्ञान, असा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडच्या कॅथलिकांचा ‘स्नानसंस्कार’ हा शब्द मला कानाला गोड वाटतो, आणि कॅथलिक मजकुरात तोच योग्य आहे. पण त्यातील ‘संस्कार’ हा अर्धा भाग बॅप्टिस्ट किंवा पेंटेकोस्टल (हाही विश्वासणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारा पंथ) माणसाला खटकतो, कारण संस्कार म्हटला की तो करणाऱ्याकडून होणाऱ्यावर काहीतरी घडते असे मराठी मन गृहीत धरते. ‘बारसे’ हा शब्द तर कोणत्याच बाजूला चालणार नाही. नाव ठेवणे हा या विधीचा गाभा नाही.

पण नाम तटस्थ ठेवले तरी मराठीत क्रियापद लागतेच, आणि वाद मागच्या दाराने आत येतो तो तिथे. मुंज मुलाची करतात, त्याची मुंज होते किंवा लागते. ‘मी मुंज घेतली’ असे कोणी म्हणत नाही. उलट संन्यास माणूस घेतो, दीक्षा घेतो. ‘त्याचा संन्यास केला’ हे वाक्य मराठी नव्हे. बाप्तिस्म्याला दोन्ही प्रकारची क्रियापदे चालतात. ‘रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे’ म्हणणारे घर त्याला मुंजीच्या रांगेत बसवते, आणि ‘मी विसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला’ म्हणणारा संन्यासाच्या. माझ्या मते बालबाप्तिस्मा विरुद्ध विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा हा चारपाचशे वर्षांचा वाद मराठीत सांगायचा, तर या दोन क्रियापदांहून सोपी वाट नाही. मूळ ग्रीकमध्ये, नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या २:३८ या वचनात, क्रियापद कर्मणी आहे, म्हणजे ‘प्रत्येकाचा बाप्तिस्मा केला जावा’ असे. त्याच पुस्तकात २२:१६ मध्ये पौलाला जे सांगितले जाते ते ‘करवून घे’ या आपल्या प्रयोजकाच्या जवळ जाते. मराठी बायबलमधल्या ‘बाप्तिस्मा घ्या’ने कर्मणीतला ‘दुसऱ्याच्या हातून’ हा भाग काहीसा झाकला जातो.

खरे भांडण मात्र एका शब्दयोगी अव्ययावर आहे. त्याच २:३८ मध्ये ग्रीकमध्ये बाप्तिस्मा ‘एइस’ पापक्षमा असे म्हटले आहे; वाद या ‘एइस’च्या अर्थाचा. मराठीत आपण ‘पापांची क्षमा व्हावी म्हणून’ असे वाचतो, म्हणजे हेतू. ज्यांच्या मते विश्वास ठेवताच तारण होते आणि बाप्तिस्मा ही त्याची नंतरची जाहीर साक्ष होय, त्यांच्यातील काही अभ्यासक म्हणतात की, इथे ‘एइस’चा अर्थ ‘क्षमा झाली म्हणून’ असा घ्यावा. मत्तय १२:४१ मध्ये निनवेच्या लोकांनी योनाच्या उपदेशामुळे पश्चात्ताप केला, तिथे हेच अव्यय आहे. विरुद्ध पक्ष मत्तय २६:२८ पुढे करतो: तिथे ख्रिस्त आपले रक्त ‘पापक्षमेसाठी’ ओतले जात आहे असे म्हणतो, शब्द तेच आहेत, आणि क्षमा आधीच झाली म्हणून रक्त ओतले, असा अर्थ तिथे कोणीच लावणार नाही. मला व्याकरणापुरता दुसरा पक्ष बळकट वाटतो. धर्मसिद्धान्ताचा निकाल अर्थात एकट्या अव्ययाने लागत नाही. पाहण्याजोगे हे की, मराठीत ‘व्हावी म्हणून’ आणि ‘झाली म्हणून’ यांत फरक फक्त क्रियापदाच्या रूपाचा आहे, ‘म्हणून’ दोन्हीकडे तेच.

‘तारण’ या शब्दाबद्दलही थोडे. पतसंस्थेत तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू आणि चर्चमध्ये तारण म्हणजे पापापासून सुटका, हा विनोद जुना आहे. पण नोहाच्या जहाजाला मराठी बायबलमध्ये ‘तारू’ म्हणतात, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:२०-२१) आठ माणसे त्या तारवात पाण्यातून वाचली, तसा बाप्तिस्मा आता तुम्हांला तारतो, असे येते. तारू, तारणे, तारण असे एकाच धातूचे धागे मराठीत आपोआप जुळतात. ग्रीकमध्ये पेटी आणि वाचवणे यांचे शब्द एकमेकांचे कोणी नव्हेत. लगेच पुढे पेत्र ‘शरीराचा मळ धुणे नव्हे’ असा खुलासा करतो, त्यामुळे दोन्ही पक्ष याच वचनाचा अर्धा अर्धा भाग पाठ म्हणतात.

आता लाल वर्तुळाकडे वळू. ‘ख्रिस्ती धर्मानुसार’ हे दोन शब्द तिथे उभे राहू शकत नाहीत. कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत, बाप्तिस्मा ऐच्छिक आहे, तारणाला आवश्यक नाही, असे म्हणणाऱ्याचा निषेध केला. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनेही १५२९ च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत बाप्तिस्मा पापांची क्षमा घडवून आणतो असेच शिकवले. त्याच्या समकालीन, झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली याने, या बाबतीत प्रेषितांच्या काळापासून सगळे धर्मपंडित चुकले, असे धाडसी विधान केले, पण बाळांचा बाप्तिस्मा सोडला नाही. झुरिकमध्ये ज्यांनी तो सोडून प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यातील फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. बुडवण्याच्या शिक्षेतला उपरोध कोणाच्या लक्षात आला नसेल असे वाटत नाही. एकाच चर्चच्या आतही मतैक्य नाही: बाप्तिस्म्यातच नवा जन्म निश्चित होतो हे मान्य न करणाऱ्या गॉरहॅम या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चमधल्या) पाळकाला त्याच्या बिशपने नेमणूक नाकारली, आणि १८५० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिथल्या अखेरच्या अपील न्यायपीठाने, पाळकाच्या बाजूने निकाल दिला. मुक्तिफौजेने (सॅल्व्हेशन आर्मी) तर १८८३ पासून बाप्तिस्मा देणेच थांबवले, आणि तारणाचा प्रचार चालू ठेवला.

त्याच १८८३ मध्ये, २९ सप्टेंबरला, इंग्लंडमध्ये वाँटेज येथे पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले की, ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस जो ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी होता. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा त्यांत अँग्लिकनही होते आणि बॅप्टिस्टही, म्हणून बाळाचा बाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय त्या चर्चच्या घटनेतच मान्य करण्यात आले.

तेव्हा ताईंनी शब्द ‘बाप्तिस्मा’च ठेवावा, मूळ लेख कॅथलिकांविषयी असेल तर ‘स्नानसंस्कार’ खुशाल करावे, आणि वाक्य कोणाच्या मताने चालले आहे ते उघड सांगावे: ‘कॅथलिक आणि ल्यूथरन शिकवणीनुसार बाप्तिस्म्याच्या द्वारे तारणाची कृपा मिळते, बॅप्टिस्टांच्या मते तारण विश्वासाने होते आणि बाप्तिस्मा ही त्याची जाहीर खूण असते.’ या वाक्यात ‘घेतल्याने’ मुद्दामच येऊ दिलेले नाही. लेखासोबत छापायचे चित्र पाळकाच्या हातातल्या तान्ह्या बाळाचे आहे असे त्यांनी कळवले आहे. त्याखाली ‘बाप्तिस्मा घेताना’ न लिहिता ‘बाळाचा बाप्तिस्मा’ एवढेच लिहावे.