दुटप्पी, दांभिक, ढोंगी, दुतोंडी: कोणता आरोप कुठे शोभतो?

परभणीच्या एक ताई जिल्हा दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी अमेरिकी राजकारणावरचे लेख मराठीत आणतात. त्यांचा प्रश्न असा: 'तिथले उदारमतवादी टीकाकार पुराणमतवादी नेत्यांवर आणि त्यांची बाजू घेणाऱ्या वाहिन्यांवर टीका करताना सारखा एकच शब्द वापरतात, हिपॉक्रसी. मी सगळीकडे दुटप्पीपणा लिहिते. संपादक म्हणतात, ढोंग लिहा, जोर येतो. बरोबर कोण? आणि पार्टिझन मीडियाला काय म्हणायचं?'

ताई, तुमचंही बरोबर आणि संपादकांचंही, पण वेगवेगळ्या वाक्यांत. इंग्रजीनं एकाच पोत्यात भरलेले चार-पाच गुन्हे मराठीत वेगवेगळे मोजले जातात आणि प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो. म्हणून आधी मूळ लेखात पुरावा कोणता दिलाय तो पाहा. शब्द त्यावरून ठरतो, जोरावरून नव्हे.

दुटप्पीपणापासून सुरू करू. जुन्या वापरात दुटप्पी बोलणं म्हणजे दोन्हीकडे लागू पडेल, सोयीनं अर्थ फिरवता येईल असं मोघम बोलणं. आज वर्तमानपत्री मराठीत तो मुख्यतः 'एकच नियम, दोन मापं' या अर्थानं स्थिरावला आहे: दुटप्पी भूमिका, दुटप्पी धोरण. हा आरोप करायचा तर बातमीत दोन प्रसंग हवेत, दोन्ही सारखे हवेत, आणि दोन्हीकडे माणूस तोच हवा. यांपैकी एक जरी नसलं तरी शब्द लुळा पडतो.

अमेरिकेतलं याचं सर्वांत चोख उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांचं. १३ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया वारले. १६ मार्चला तेव्हाचे डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांनी त्या जागेसाठी मेरिक गारलंड यांचं नाव पाठवलं. सिनेटमधले, म्हणजे वरिष्ठ सभागृहातले, पुराणमतवादी रिपब्लिकन पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल म्हणाले, निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या. आणि गारलंड यांची सुनावणीसुद्धा झाली नाही. पुढे १८ सप्टेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या. मतदान ३ नोव्हेंबरला होतं. तरी त्यांच्या जागी एमी कोनी बॅरेट यांच्या नेमणुकीवर २६ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी शिक्कामोर्तब झालं. नेता तोच, सभागृह तेच, अध्यक्ष मात्र आपल्या पक्षाचा. इथे 'दुटप्पीपणा' खणखणीत बसतो. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हणही याच जागेची. 'ढोंग' मात्र इथे बसत नाही, कारण मॅकॉनेल यांनी लपवलं काहीच नव्हतं. २०१६ मध्ये अध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्याची होती, २०२० मध्ये दोन्ही एकाच पक्षाचे, म्हणून प्रसंग सारखे नाहीत, असा त्यांचा उघड बचाव होता. तो पटो न पटो, पण तुमच्या लेखात एका वाक्यात तरी यायला हवा. दुटप्पीपणाच्या आरोपाला उत्तर नेहमी याच वाटेनं येतं, 'प्रसंग सारखे नव्हतेच', आणि वाचकाला ते आधीच ठाऊक असलं की आरोप जास्त टिकतो.

त्याच प्रकरणात सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांच्यासाठी शब्द थोडा बदलावा. २०१६ मध्ये ते जाहीरपणे म्हणाले होते की, उद्या रिपब्लिकन अध्यक्षाच्या पहिल्या कार्यकाळाच्या शेवटच्या वर्षी जागा रिकामी झाली तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा. २०२० मध्ये न्यायविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून बॅरेट यांची सुनावणी त्यांनीच पुढे रेटली. याला कोलांटउडी किंवा घूमजाव म्हणावं. मत बदलणं हा स्वतःहून दोष नाही, म्हणून घूमजाव हा दुटप्पीपणापेक्षा सौम्य शब्द. पण इथे बदल नेमका सोयीच्या दिवशी झाला, तेव्हा 'सोयीचं घूमजाव' लिहिलं तर माप नीट पडेल.

आता संपादकांचा शब्द. ढोंगात आतलं आणि बाहेरचं वेगळं असतं: मनात एक, तोंडावर एक. त्यासाठी आतलं बाहेर आल्याचा पुरावा लागतो आणि तो सहसा मिळत नाही. रिपब्लिकनांच्या बाजूनं झुकणाऱ्या फॉक्स न्यूज वाहिनीच्या बाबतीत मिळाला. २०२०च्या निवडणुकीत मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याचे दावे वाहिनीवर चालले. यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीनं बदनामीचा दावा लावला आणि २०२३च्या सुरुवातीला कोर्टाच्या कागदांतून वाहिनीतल्या लोकांचे आपसातले संदेश उघड झाले. टकर कार्लसन यांच्यासारखे निवेदक हे दावे करणाऱ्या वकिलीणबाईंना खासगीत खोटारडी म्हणत होते. दावे खोटे आहेत, असं डेलावेअरच्या न्यायाधीशांनी खटला ज्यूरीपुढे जाण्याआधीच नोंदवलं आणि १८ एप्रिल २०२३ रोजी फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. 'वरून कीर्तन, आतून तमाशा' म्हणावं ते इथे. संपादकांना सांगा, या परिच्छेदात ढोंग लिहिते, मॅकॉनेलच्या परिच्छेदात नाही.

ढोंगाच्या शेजारी सोंग उभं आहे आणि आपल्या भागात हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पैठणच्या नाथांच्या भारुडात जोगवा मागणारी खरी जोगतीण नसते, हे बघणाऱ्याला माहीत असतं. सोंग म्हणजे कबूल केलेलं रूप; ढोंग म्हणजे कबूल न केलेलं. वाहिन्यांच्या वकिलांनी हाच मुद्दा कोर्टात मांडला, अर्थात त्यांच्या भाषेत. कार्लसन यांच्या विधानांवरून झालेल्या एका बदनामीच्या दाव्यात फॉक्सचं म्हणणं होतं की समजूतदार प्रेक्षक या कार्यक्रमातली विधानं अक्षरशः खरी धरत नाही; न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं ते मानलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये दावा फेटाळला. उदारमतवाद्यांच्या लाडक्या एमएसएनबीसीवरच्या रेचल मॅडो यांच्यावरचा दावाही त्याच वर्षी मे महिन्यात असाच फेटाळला गेला: त्यांनी एका प्रतिस्पर्धी वाहिनीबद्दल केलेलं विधान अतिशयोक्तीचं मत आहे, वस्तुस्थितीचं कथन नाही, असं कॅलिफोर्नियातल्या कोर्टानं ठरवलं आणि २०२१ मध्ये अपील कोर्टानंही ते कायम ठेवलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी कोर्टात 'हे सोंग आहे' आणि पडद्यावर 'ही बातमी आहे'. तुमच्या मूळ लेखकानं पहिलाच निकाल दिला असेल तर दुसरा तुम्ही तळटीपेत घाला. पक्षपातावर लिहिणाऱ्यानं एवढं तरी करावं.

दांभिक हा शब्द मी राखून वापरते. भगवद्गीतेचा सोळावा अध्याय आसुरी संपत्ती मोजतो ती दंभापासूनच आणि परंपरेनं दंभाचा अर्थ धर्माचं, सदाचरणाचं प्रदर्शन असा होतो. म्हणून नीतीचा उपदेश करणाऱ्याचं वागणं उलटं निघालं की दांभिक. १९९८ मध्ये क्लिंटन यांच्यावर महाभियोग आणण्याचा आग्रह धरणाऱ्यांत प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच पुढे होते. त्याच काळात आपलेही विवाहबाह्य संबंध होते, असं त्यांनी २००७ मध्ये मान्य केलं. (त्यांचा बचाव: क्लिंटनवर आरोप शपथेवर खोटं बोलल्याचा होता.) दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम: नोव्हेंबर २०२० मध्ये ते लोकांना जमू नका सांगत होते आणि एका महागड्या रेस्तराँमधल्या वाढदिवसाच्या जेवणाला स्वतः गेल्याचं बाहेर आलं. धर्म-नीतीचा आव नसेल तिथे दांभिक जड होतो. न्यूसमना 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' पुरे. अशा माणसाचं पितळ उघडं पडलं की मराठीत दंभस्फोट होतो. शीर्षकाला हा शब्द फार चांगला. हल्ली कमी दिसतो.

दुतोंडी वेगळाच. तो नियमाबद्दलही नाही आणि मनाबद्दलही नाही, श्रोत्याबद्दल आहे: याला एक सांगायचं, त्याला दुसरं. देणगीदारांच्या बंद बैठकीत एक आणि सभेत दुसरं बोलणारा नेता दुतोंडी. खेड्यात मांडुळाला दुतोंड्या म्हणतात, त्यामुळे शब्दाला थोडा तिरस्कार चिकटलाय. अग्रलेखात चालेल, बातमीत नको.

दुजाभाव मात्र या रांगेत बसवू नका. जायकवाडीच्या पाण्यापासून अनुशेषापर्यंत मराठवाड्याच्या सभांत हा शब्द इतका घोळला गेलाय की कुठेही टेकवायचा मोह होतो. पण ती ज्याला कमी मिळालं त्याची तक्रार आहे. देणाऱ्यानं समानतेचं वचन दिलं होतं की नाही, हा प्रश्न त्यात येतच नाही.

हिंदी वाहिन्यांवरून आलेले दोन शब्द टाळा. पहिला 'पाखंड'. हिंदीत त्याचा अर्थ ढोंग, मराठीत नाही. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे कुठलाही पंथ, निंदा न करता. पुढे तो वेद न मानणाऱ्यांसाठी झाला आणि मराठीत पाखंडी म्हणजे धर्म बुडवणारा, नास्तिक. 'पुराणमतवाद्यांचे पाखंड' असं छापलं तर आमच्या वाचकाला वाटेल की सनातनी माणसं नास्तिक झाली! उलट हा शब्द पुराणमतवादीच उदारमतवाद्यांना लावतील. दुसरा 'दोगलेपणा'. त्याचं मूळ माणसाच्या जन्मावरून दिलेल्या शिवीत आहे, छापू नये.

आता पार्टिझन मीडिया. मुखपत्र म्हणजे पक्षानं उघडपणे चालवलेलं पत्र. 'सामना' शिवसेनेचं (फुटीनंतर ठाकरे गटाचं) आहे हे कोणापासून लपलेलं नाही, तेव्हा तिथे पक्षाची बाजू दिसली तर तो दोष कसला? दोष येतो तो निःपक्ष म्हणवून तळी उचलणाऱ्यांत. फॉक्स न्यूज १९९६ मध्ये सुरू झाली ती 'न्याय्य आणि समतोल' असं बिरुद घेऊन. २०१७ मध्ये ते सोडलं गेलं. अशांसाठी 'पक्षपाती माध्यमं' हा नेहमीचा शब्द ठीक आहे. पण क्रियापदं जास्त कामाची: तळी उचलणं, री ओढणं, कड घेणं. निजामी अमदानीत कचेरीची भाषा उर्दू होती, तेव्हाची 'तरफदारी'ही आपल्याकडे सहज समजते. 'तरफदार वाहिन्या' हे मला पक्षपातीपेक्षा नेमकं वाटतं, कारण त्यात कुणाची तरफ, म्हणजे बाजू, हे विचारावंच लागतं. 'गोदी मीडिया' अमेरिकेला लावू नका. मराठीत गोदी म्हणजे जहाजं बांधायची, लावायची जागा, आणि तो शब्द इथल्या वादाशी इतका बांधलेला आहे की अमेरिका बाजूलाच राहील.

पैशासाठी बाजू घेतली असेल तर 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी'. आपल्या माणसाचं दाबून विरोधकाचं उकरणाऱ्यांसाठी 'आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून'. सीएनएनला तीच लावता येईल: २०२० मध्ये तिथले निवेदक ख्रिस कुओमो यांनी न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट गव्हर्नर असलेल्या आपल्या भावाला हसतखेळत पडद्यावर आणलं, भावावर लैंगिक छळाचे आरोप झाल्यावर त्याच्या बचावाला पडद्यामागून मदत केल्याची कागदपत्रं बाहेर आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना काढलं गेलं.

पक्षपात ओळखायला नामांपेक्षा शीर्षकाची क्रियापदं बघावीत. आपल्याकडे आपला नेता 'समाचार घेतो', 'घणाघात करतो', 'खडे बोल सुनावतो'. समोरचा 'बरळतो', 'गरळ ओकतो', 'आगपाखड करतो'. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा एकाच घटनेला एका गोटात उठाव, दुसऱ्यात गद्दारी आणि मधल्या वर्तमानपत्रांत बंड किंवा फूट म्हणत. तपासायची रीत सोपी: शीर्षकातली पक्षांची नावं अदलाबदल करा आणि तेच क्रियापद त्याच संपादकानं ठेवलं असतं का ते विचारा. तुमच्या अनुवादालाही हीच कसोटी लावा; मूळ लेखकानं साधं 'म्हणाले' लिहिलं असेल तिथे तुमच्या हातून 'बरळले' उतरता कामा नये.

आणखी दोन खाचा. 'पुराणमतवादी' या शब्दातच शेरा आहे. टीकाकाराच्या तोंडी तो राहू द्या, पण तुमच्या निवेदनात 'परंपरावादी' लिहा. ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षासाठी मराठीत हुजूर पक्ष रुळला आहे, तो अमेरिकेला चालत नाही. आणि रिपब्लिकन पक्षाचा पहिला उल्लेख कायम 'अमेरिकेतला रिपब्लिकन पक्ष' असाच करा. नामांतराची चळवळ जगलेल्या मराठवाड्यात नुसतं 'रिपब्लिकन' म्हटलं की १९५७ साली स्थापन झालेला आंबेडकरी पक्षच डोळ्यांपुढे येतो. 'रिपब्लिकन नेत्यांचा दुटप्पीपणा' असं शीर्षक पुरवणीच्या पहिल्या पानावर गेलं तर सोमवारी सकाळी कार्यालयात फोन घ्यायला संपादकांनाच बसवा.